कढईतलं यश

घाटपांडे सरांनी आधी प्रयोगशाळेत पेढे वाटले आणि मग मीटर लावला. काटा जागचा हलेना.

तपकिरी ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघाला की ते काळं होतं आणि त्यातून वीज वाहते. विषारी रसायनाऐवजी आवळ्याच्या रसाने हे साधायचं, म्हणून सर सहा वर्षं खपत होते. काल काचेचं भांडं फुटलं, म्हणून त्यांनी लोखंडी कढई वापरली, आणि मिश्रण काळंभोर झालं!

"अहो सर, लोखंडात नुसता आवळा उकळला तरी काळाच होतो," भांडी घासणाऱ्या कौसल्याबाई म्हणाल्या. "मी केसांना लावते की."

सरांच्या डॉक्टरेटमध्ये हे कुठेच नव्हतं. ते कढईवर वाकले. सहा वर्षांत पांढरं झालेलं डोकं त्यांना आत दिसलं.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "लावून किती वेळ ठेवायचं?"