ई-वन लाईन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेले अण्णा जाऊन महिना होत आला होता. भेटायला आलेल्या त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला, कल्लाप्पाकाकांना अपूर्वानं विचारलं, "अण्णा सारखं ई-वन लाईन म्हणायचे, ती काय असते?"

"एकाच लाईनीतनं तीस जणांचं बोलणं जातंय, पोरी. सेकंदात हजारो वेळा प्रत्येकाची पाळी येती."

"आणि बोलता बोलता एखादा गप्प झाला तर?"

"तरी पाळी येतीच की! त्याची जागा रिकामी जाती, पण दुसऱ्याला घुसू देत न्हाईत."



दिवस मावळायच्या आत जेवायला बसताना आईनं सवयीनं अण्णांचंही ताट मांडलं. रोज ते मुकाट्यानं उचलून ठेवणाऱ्या अपूर्वानं आज त्यांच्या फुलपात्रात पाणी ओतलं.