बँकॉकची चिल्लर

शहापूरजवळच्या सापगावची दर्शना लग्नाला सात वर्षं झाल्यावर नवऱ्याबरोबर बँकॉक बघायला गेली. "मीपण पयल्यांदाच देशाबाहेर चाललोय गो," असं स्वरूपनं निघताना दहादा सांगितलं होतं.

तिथल्या बाजारात शहाळ्याचे पैसे देताना ती तळहातावरची अनोळखी नाणी उलटसुलट करत उभी राहिली. शेवटी कंटाळून तिनं विचारलं, "अहो, यातलं दोनाचं कुठलं? मला काय उमगत नाय."

मोबाइलवर फोटो काढण्यात गुंगलेला स्वरूप मान न वळवताच म्हणाला, "नीट बघून दे. एकाचं नि दोनाचं सारखंच दिसतं. मागच्या वेळी आमी दोघं तिथंच फसलो होतो."



दर्शनाची मूठ मिटली. "तुमी नि कोन?"