पांढरा फटकारा

आर्सेननं कुंचल्यावर गवताचा हिरवा घेतला, चित्रावर वाकला, आणि दारातून झेली ओरडली.

"थांबा! हात लावू नका त्याला!"

आर्सेन दचकला. गावातले कपडे धुणारी झेली कधी कुणाच्या घरात फारसं बोलत नसे. टोपली उंबऱ्यावर ठेवायची, चिखलानं भरलेल्या लाकडी जोड्यांतच उभं राहून एखादा टोमणा मारायचा आणि नदीकडं वळायचं. आज टोपली अजून तिच्या कमरेवरच होती.

"अगं, चूक आहे ती," आर्सेन म्हणाला. "चित्र परवा पॅरिसला जायचंय. संग्रहालयात लागणार आहे."

छत्तीस वर्षांपूर्वी सेन नदीच्या काठावर उभ्या उभ्या दीड तासात केलेलं चित्र होतं ते. विरत चाललेलं धुकं, पॉप्लरच्या झाडांची रांग, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. तेव्हा आर्सेन आणि त्याचे चार मित्र पहाटेच रंगांच्या नळ्या खिशात कोंबून बाहेर पडायचे. दिसतंय ते रंगवायचं, ते काय आहे हे विचारायचं नाही, असा त्यांचा नेम. ऊन सरकायच्या आत हात चालला पाहिजे. मग गवतावरच पाव, चीज, सफरचंदाची दारू, आणि कुणाचं आभाळ जास्त खरं यावर हातघाईवर येईपर्यंत भांडण. इतकं हसणं पुढं आयुष्यात कधी झालं नाही.

पॅरिसमध्ये मात्र लोक त्यांच्या चित्रांना हसले. वर्तमानपत्रांनी त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणून हिणवलं. म्हणजे काय, तर चित्र पुरं न करता नुसता ठसा उमटवून मोकळे होणारे. आर्सेनचं हे चित्र हसं होऊन परत आलं आणि माळ्यावर भिंतीकडं तोंड करून पडलं. पुढं त्या शिवीचंच बिरुद झालं. ते बघायला चौघांतला एकही मित्र उरला नाही. आणि आता हे संग्रहालयाचं पत्र.

आर्सेनची नजर अधू झाली होती. आठवडाभर तो चित्राला नाक लावून एकेक इंच तपासत होता. काल त्याला चूक सापडली.

"हे बघ," तो म्हणाला. "वाऱ्यानं सगळ्या चादरी डावीकडं उडतायत. आणि खाली हा एक पांढरा फटकारा, एकटाच उजवीकडं. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला वारासुद्धा कळत नव्हता."

"चादर नाही ती. चादरी मी घातल्या होत्या. सहा. सहाच्या सहा दोरीवर आहेत."

"मग हे काय आहे?"

"ओनोरीन," झेली म्हणाली. "माझी मुलगी."

आर्सेनच्या हातातला कुंचला तसाच राहिला. झेलीला एक मुलगी होती, एवढं त्याला पुसट आठवलं. चित्र काढलं त्याच वर्षी हिवाळ्यात घटसर्पानं काठावरची पाच पोरं नेली होती. आर्सेन तेव्हा पॅरिसमध्ये प्रदर्शनाच्या गडबडीत होता. परत आल्यावर त्यानं विचारलंही नव्हतं.

"पाच वर्षांची होती. चादरींखालून पळायची. 'मळवशील गं भवाने' म्हणून ओरडून माझा घसा बसायचा. वारा सुटला की मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर धावायची."

"पण झेली, याला चेहरा नाही, हातपाय नाहीत..."

"तिचा चेहरा एका जागी होता कधी? जत्रेत फोटोवाला आला होता. तीनदा उभी केली, तीनदा हलली. त्यानं फोटोची काचच फेकून दिली. म्हणाला, ही पोरगी फोटोत मावायची नाही." झेलीनं टोपली खाली ठेवली. "माझ्यापाशी तिचं काही नाही, आर्सेन. डोळे मिटले की नुसतं पांढरं काहीतरी पळताना दिसतं. मला वाटायचं, आई असून मी पोरीचा चेहरा विसरले. पण ती दिसायची तेच तुम्ही काढलंय."

आर्सेनला ती सकाळ आठवली. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं लकाकलं होतं. काय ते त्यानं विचारलं नव्हतं. हात आपोआप चालला होता.

त्यानं कुंचला धुऊन ठेवला आणि चित्र लाकडी घोडीवरून उतरवलं. "घेऊन जा. पॅरिसला मी काहीतरी कळवतो."

झेलीनं मान हलवली. "माझ्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि ती काय घरात बसणारी होती? जाऊ द्या तिला. चार माणसं बघतील तरी."

चित्र गेलं. जाताना आर्सेननं त्याचं जुनं नाव, 'सेनकाठची सकाळ', खोडून 'ओनोरीन' असं लिहिलं.

पंधरा दिवसांनी संग्रहालयाचं पत्र आलं. आर्सेननं नदीवर जाऊन ते झेलीला वाचून दाखवलं.

"आपलं चित्र सुखरूप पोचलं. मात्र नावात काही घोटाळा झालेला दिसतो. आमच्या तिघा जाणकारांनी भिंग लावून संपूर्ण चित्र तपासलं. त्यात कुठंही मुलगी आढळली नाही. कृपया खुलासा करावा."

"भिंग लावून?" झेली म्हणाली, आणि ओल्या हातांनी तोंड झाकून हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिनं सांगितलं आणि आर्सेननं तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून उत्तर लिहिलं.

"भिंग खाली ठेवा आणि दहा पावलं मागं सरा."