सहाची गोळी

गावातल्या दोन पिढ्यांना माळेची प्रार्थना शिकवणाऱ्या सुझानबाईंना नवऱ्याच्या शवपेटीपुढे बसल्यावर पहिला शब्दच आठवेना. निर्मळ गावातल्या त्यांच्या घराच्या ओटीवर जमलेल्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करता करता बाईंची झोप गेली होती, आता रडूही येत नव्हतं. बोटांनी मणी सरकवला आणि तोंडून आपोआप निघालं, "सकाळी आठला पांढरी गोळी, खाण्याआधी. दहाला गुलाबी, दुधातून." कुणी हसलं नाही. दर मण्याला बायका "आमेन" म्हणत गेल्या. "सहाला पिवळी, अर्धी करून," म्हणता म्हणता बाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि त्या धडपडत उठल्या. "सहा वाजून गेले गं! ह्यांना पिवळी दिली का कुणी?" शेजारच्या म्हाताऱ्या रोझमावशीनं शवपेटीकडे पाहिलं आणि बाईंच्या हातातली माळ काढून घेतली. "मी दिली, बाय. तू नीज आता."