रंगीत पडदा सापडला

"रंगाचं कार्डच गेलंय," बस ड्रायव्हर पुटपुटला आणि त्याने मशीन पुन्हा बंद केलं.

सुट्टीचा दिवस होता. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्याने हौसेने खाली उतरवला होता. कॉलेजात असताना त्याने बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक खेळ लिहिला होता. लाल फुगे फोडायचे, हिरवे सोडून द्यायचे. त्या काळी कुणाकडे रंगीत पडदा असे, कुणाकडे काळापांढरा. म्हणून खेळ सुरू होताना प्रोग्राम आधी मशीनकडे सगळ्यात चांगलं चित्र मागायचा. मशीनला ते जमलं नाही की एक पायरी खाली उतरायचा, मग आणखी एक. रंग अजिबातच नसले तर फुग्यांवर पट्टे आणि ठिपके काढायचा. ही युक्ती त्याची त्यालाच इतकी आवडे की बस चालवायला लागल्यावरही तो ती लोकांना रंगवून सांगे.

मशीन पुन्हा सुरू झालं. रोमन अक्षरांत त्याने तेव्हा लिहिलेली मराठी ओळ उमटली: रंगीत पडदा सापडला.

आणि मागोमाग फुगे आले, सगळे सारखेच मातकट.

त्याने केबल बदलली. खालच्या मजल्यावरून दुसरा मॉनिटर मागून आणला. पुन्हा तेच. प्रोग्राम रंग आहेत म्हणत होता, आणि रंग काही दिसत नव्हते.

बायको चहा घेऊन आली. "सरका जरा, मी बघते," म्हणत तिने एका बोटाने खेळायला सुरुवात केली. टपाटप फुगे फुटू लागले. प्रत्येक वेळी गुण वाढत होते. तिचा एकही नेम चुकला नाही.

"कुठला फोडायचा, तुला कसं कळतं?"

"अहो, लाल तो लाल, हिरवा तो हिरवा. त्यात कळायचंय काय?"

ती हसली. तो हसला नाही.

गेल्या आठवड्यात चौकात कंडक्टर किंचाळला, म्हणून बस थांबली होती. समोर एक बाई मूल कडेवर घेऊन जागच्या जागी थिजली होती. सिग्नलवर ऊन होतं, लाल दिवा दिसलाच नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. हळूहळू त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

आता त्याने बायकोला सगळं सांगितलं, चौकातलं आणि पूर्वी लख्ख दिसणारे लाल-हिरवे आता सारखेच दिसतात हेही. तिचा हात कीबोर्डवरच राहिला. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरला डेपोत काय काम मिळतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. धुलाईच्या शेडमध्ये उभं राहून दुसऱ्यांच्या बसवर पाणी मारायचं.

"लाल दिवा वरच असतो ना," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे? निवृत्तीला राहिलंयच किती?"

तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. इतके दिवस कुणाला कळलं नव्हतंच. चहावर साय धरली, तरी तो तसाच बसून होता. मग उठून त्याने डेपोत फोन लावला. उद्याची पहिली फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाला.

साहेब वैतागले. "आयत्या वेळी माणूस कुठून आणू? गाडीत काही बिघाड आहे का?"

"गाडी ठणठणीत आहे, साहेब," तो म्हणाला. "बिघाड ड्रायव्हरमध्ये आहे."