ताप न आलेली बाई

चौथ्या दिवशीही सेरेइमाला ताप आला नाही.

नर्स नायरीने तापमापी पाहिली, आकडा लिहून घेतला. "साडेछत्तीस. ठणठणीत आहेस."

"पुन्हा बघ."

"बाई गं, तिसऱ्यांदा बघितलंय. लोक ताप उतरावा म्हणून देवाला हात जोडतात. तुझं आपलं उलटंच!"

ब्रिस्बेनच्या त्या संशोधन केंद्रात अकरा जण स्वखुशीने आले होते. प्रत्येकाला वेगळ्या बंद खोलीत ठेवलं होतं आणि प्रत्येकाच्या नाकात फ्लूच्या विषाणूचे सारखेच थेंब सोडले होते. पहिल्या काही तासांत शरीर काय करतं, ते डॉक्टरांना बघायचं होतं. दहा जण तिसऱ्या दिवसापर्यंत आडवे झाले. शेजारच्या खोलीतला ब्रेंडन नावाचा प्लंबर खोकत खोकत फोनवर चिडवायचा, "काय ताई, सुट्टीवर आलीस काय? इथं माझं अंग मोडून निघालंय आणि तू भोपळ्याचं सूप दोनदा मागवतेस!"

सेरेइमा हसायची. फोन ठेवला की हसू मावळायचं.

ती मूळची फिजीची. अठरा वर्षं ब्रिस्बेनमधल्या एका वृद्धाश्रमात तिने म्हाताऱ्यांची सेवा केली होती. गेल्या हिवाळ्यात तिथं फ्लू शिरला. निम्म्याहून जास्त कर्मचारी अंथरुणाला खिळले. सेरेइमा तेवढी उभी राहिली. तिने दोन-दोन पाळ्या केल्या. या खोलीतून त्या खोलीत जाऊन अंगं पुसली, चमच्याने पाणी पाजलं. तरी चार जण गेले. एक्क्याण्णव वर्षांच्या डल्सीबाई तर तिचा हात धरूनच गेल्या. अंत्यविधीनंतर चहा घेताना डल्सीबाईंच्या मुलाने तिला विचारलं, "सगळे पडले. तू एकटीच कशी नाही पडलीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. पण तो प्रश्न तिच्या मनात रुतून बसला. आपल्याला काही झालं नाही, म्हणजे तो फ्लू आपल्या अंगात मजेत राहत होता. या खोलीतून त्या खोलीत आपणच त्याला नेलं. तिने नोकरी सोडली आणि एका गोदामात खोकी भरू लागली. तिथं कुणाला हात लावावा लागत नव्हता. चर्चमध्ये कुणी तान्हं मूल पुढे केलं, तरी ती हात मागे घ्यायची.

केंद्राची जाहिरात वाचली तेव्हा तिने मनाशी ठरवलं. इथं आपण आजारी पडलो, तर गेल्या वर्षी तो आपल्यात शिरलाच नव्हता असं समजायचं. आणि नाही पडलो, तर डल्सीबाईंच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: आपणच तो पसरवला.

पाचव्या दिवशी सकाळी तिने बॅग भरून ठेवली. डॉ. फारुजिया मास्क आणि गाऊन घालून आत आल्या. हे संशोधन त्यांचंच होतं.

"माझ्यात तो शिरलाच नाही ना?" सेरेइमाने विचारलं.

"शिरला की! पहिल्याच संध्याकाळी तुझ्या नाकात तो वाढायला लागला होता."

सेरेइमा पलंगावर बसली. "वाटलंच होतं मला. मी अशी धडधाकट हिंडते आणि तो माझ्यात असतो."

"पुढचं ऐकशील तरी?" डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या. "तुझ्या रक्ताला हा विषाणू ओळखीचा नव्हता. ते आम्ही आधीच तपासलं होतं. नव्या शत्रूची ओळख पटवून त्याच्यासाठी खास हत्यारं घडवायला रक्ताला आठवडा लागतो. तोवर लढायचं ते जन्मापासून पहाऱ्यावर असलेल्या पेशींनी. बाकीच्यांचे पहारेकरी दुसऱ्या दिवशी जागे झाले, तुझे सहा तासांत. ज्या पेशींत तो शिरला त्यांनी मरता मरता बोंब ठोकली. शेजारच्यांनी ती ऐकून दारं लावून घेतली. मग मारेकरी पेशी धावून आल्या आणि लागण झालेल्या एकेकीला त्यांनी संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तुझ्या नाकात तो नाहीच."

सेरेइमाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"आम्ही रोज सगळ्यांचा श्वास, हात, कप, दाराच्या मुठी तपासल्या. बाकीच्या दहाही खोल्यांत जिवंत विषाणू सापडला. तुझ्या खोलीत एकदाही नाही."

"मग गेल्या वर्षी?" तिने हळूच विचारलं. चार खोल्या, चार नावं, सगळं तिने सांगून टाकलं.

"गेल्या वर्षीचं मी शपथेवर नाही सांगू शकत," डॉक्टर म्हणाल्या. "पण आम्ही तुझ्या नाकात सोडला तो त्याच साथीतला विषाणू. तू चार जणांच्या उशाशी बसलीस आणि इथं आलीस तेव्हा तुझ्या रक्तात त्याची खूणसुद्धा उरलेली नव्हती. इतक्या लवकर मेलेला विषाणू दुसऱ्या खोलीपर्यंत पोचत नाही, सेरेइमा. तू त्याला पुढे नेत नव्हतीस. तुझ्यापाशी येऊन तो संपत होता."

सेरेइमाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दारात उभ्या नायरीला वाटलं, ही रडते आहे. पण हात खाली आले तेव्हा ती हसत होती. डोळे मात्र घळाघळा वाहत होते.

"आणखी आठवडाभर राहशील का?" डॉक्टरांनी विचारलं. "तुझ्या पेशींना इतकी लवकर जाग येते कशी, ते तुझ्याकडून शिकायचंय आम्हाला."

"राहते की. पण आधी एक फोन करू दे."

वृद्धाश्रमाच्या मेट्रन मॉरीन यांनी तिचा आवाज लगेच ओळखला.

"मॉरीन, मी परत येतेय," सेरेइमा म्हणाली. "हो, लस घेऊनच येते. आणि ऐक, या हिवाळ्यात ज्याला पहिला ताप येईल, त्याची खोली मला दे."