दुमडलेली कडा

हेअर ड्रायरची गरम हवा अल्बमच्या पानावर फिरवत मुंगी म्हणाली, "काकू, घाई नको. डिंक मऊ झाला की फोटो आपणहून सुटतो."

काकूंना घाई होतीच. परवा त्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, कायमच्या. मुलाने फोनवर बजावलं होतं, फोटो मोबाइलमध्ये काढून घे आणि ते जाडजूड अल्बम देऊन टाक कुणाला तरी. कुणाला, ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या पोराचे वाढदिवस कोण आपल्या कपाटात ठेवून घेणार? शेवटी काकूंनी जुन्या शेजारणीच्या मुलीला बोलावलं. ती शिवणकाम करायची, तिचा हात हलका होता. लहानपणी ती एवढीशी होती म्हणून काकूंनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. आता तिची चाळिशी उलटली होती, तरी ती मुंगीच होती.

मुंगीची पद्धत साधी होती. पान जरा गरम करायचं, रेशमी दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोखालून हळूहळू सरकवायचा. फोटो सुटला की मऊ कापडाने पुसायचा, खिडकीपाशी सावलीत ठेवून त्याचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि मागे पेन्सिलने नावं लिहायची. नावं सांगायचं काम काकूंचं. "हा ह्यांचा मावसभाऊ. फोटोत कायम पुढे, कामाला कायम मागे." मुंगी हसून फक्त 'मावसभाऊ' एवढंच लिहायची.

पण प्रत्येक फोटो हातात आला की तिची नजर आधी कडांवर जायची. मुंगीच्या घरी कॅमेरा नव्हता. तो होता काकांकडे, त्यामुळे तिचं सगळं लहानपण दुसऱ्यांच्या फोटोंत, तेही कडेकडेने साठलेलं. कुणाच्या तरी पाठीमागे अर्धा फ्रॉक, कुठे नुसतीच वेणी. आई तर तेवढीही नव्हती. फोटो काढायचा म्हटलं की आईला नेमकं आत काहीतरी काम आठवायचं. ती गेली तेव्हा मुंगी चौथीत होती. घरी आईचा एकच फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. कुणीतरी दटावून बसवल्यासारखी ती त्यात समोर बघत होती. वर्षानुवर्षं तोच बघून मुंगीला आईचा दुसरा चेहरा आठवेनासा झाला होता.

"नाहीये गं," काकू मध्येच म्हणाल्या. "काल मीही सगळे चाळले."

"मी कुठे काय विचारलं?" मुंगी म्हणाली आणि तिने पान उलटलं.

त्या पानावर काकूंच्या बाळ्याचा वाढदिवस होता. मधोमध बाळ्या, गालाला केक फासलेला. सगळा फोटो नारिंगी पडत चाललेला. अगदी कडेला मुंगी उभी, दात पडलेली, तोंड उघडं. ती काहीतरी बोलत होती आणि तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. हाताच्या मनगटाशी फोटो संपत होता.

मुंगीने दोरा सरकवला. कडेशी येऊन तो अडला. तिने बोटाने चाचपलं. तिथे कागद दुहेरी होता. फोटोची एक पट्टी मागे दुमडून चिकटवलेली होती.

"ह्यांनीच दुमडली असणार," काकू म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

उलगडावं तर जुना कागद घडीवर तडकण्याची भीती. तडा कुठून कुठे जाईल, काय सांगावं? मुंगीने ड्रायर पुन्हा लावला. तिने मांडीवर पुसून हात कोरडे केले, पट्टीखाली दोरा घातला आणि श्वास रोखून ओढला.

पट्टी सुटली. घडीवर एक पांढरी रेघ उमटली, मनगटावरून गेली आणि तिथेच थांबली.

पलीकडे आई होती. तिच्यावर इतकी वर्षं उजेडच पडला नव्हता, त्यामुळे बाकी सगळे विटून गेलेले असताना ती एकटी ताजी होती. बाहीचा निळा रंग निळाच होता. तिचं कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतं. मान खाली करून ती मुंगीकडे बघत होती आणि हसत होती, डोळे मिटेपर्यंत, अगदी हिरड्या दिसतील इतकं. आताच्या मुंगीपेक्षा ती कितीतरी लहान होती.

मग काकूंनी हळूच सांगितलं की आम्हाला बाळ्या मधोमध हवा होता, बाकी मनात काही नव्हतं. मुंगीने मान हलवली. काकूंनी फोटो उचलून तिच्या हातात दिला. बाळ्याचा वाढदिवस आहे, असं ती म्हणाली, तर काकू म्हणाल्या, त्याचे ढीगभर आहेत.

"काकू, ती एवढी कशाला हसत होती?"

"तू काहीतरी बोललीस, आणि ती जी हसत सुटली ती थांबेचना. केक वाटायचा तसाच राहिला होता."

"काय बोलले मी?"

काकूंनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी मनापासून आठवून पाहिलं. मग नाही म्हणून मान हलवली.

मुंगीने फोटो पालथा केला. पेन्सिलने मागे लिहिलं, 'आई, हसताना.' आणि त्याच्याखाली, कधी आठवलंच तर, एक ओळ मावेल एवढी जागा मोकळी सोडून बाळ्याचं नाव लिहिलं.